मागणी क्रमांक सात

११ जानेवारी २०१३, शुक्रवार

बीडच्या शिबिरात सांगितलं होतं की युनियनच्या प्रत्येक सेक्रेटरीने रोजनिशी ठेवावी. उद्या मालकाने काही नाकारलं तर तारीखवार दाखवता येतं. म्हणून ही वही. बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळाली आहे, दर पानाखाली कपाशीचं बोंड छापलंय. यंदा रानात कुणाच्या बोंड नाही, वहीत मात्र तीनशे पासष्ट आहेत.

मी बंकट. बोरफाट्याच्या सहकारी खरेदी-विक्री संघाच्या यार्डात सोळा वर्षं पोती उचलतो. दहावी झालेला मी एकटाच, त्यामुळे बावीस हमालांच्या युनियनचा सेक्रेटरी. अध्यक्ष धोंडीराम मामा. साठीचे आहेत, अंगठा उठवतात, पण ते नाही म्हणाले की बावीस जण नाही म्हणतात. संघ सहकारी असल्याचं पाटीवर लिहिलंय. सहकार म्हणजे चेअरमन सुंदरराव, त्यांचे बंधू आणि त्यांचे मेव्हणे राधाकिशन. बाकी आम्ही ओझ्याला.

आजच लिहायला बसण्याचं कारण म्हणजे खराटा. संघाच्या मागच्या मैदानात दिवाळीपासून चारा छावणी आहे, तेराशे ढोरं. ती हौदावर पाण्याला जातात ती यार्डातून, आणि जाता जाता शेण टाकतात. आज संध्याकाळी क्लार्क म्हणाला, हमालांनी यार्ड झाडल्याशिवाय गेट उघडायचं नाही. दिवसभर क्विंटलची पोती पाठीवर वाहिलेली माणसं, आणि त्यांच्या हातात खराटे! सटवाने झाडलं, तो नवा आहे. धोंडीराम मामांनीही झाडलं. मी हात लावला नाही. गेटपाशी छाती काढून उभा राहिलो. शेवटी माझ्या वाटणीचं मामांनीच झाडलं, तेव्हा गेट उघडलं.

१३ जानेवारी, रविवार

भोगी. सुट्टीचा दिवस, तरी आम्ही सगळे यार्डात होतो. दर रविवारी छावणीच्या गाड्या आम्ही फुकट उतरवतो. तसा युनियनचा ठराव आहे. ढोरं लोकांची आहेत, संघाची नाहीत. आज मका आणि सरकी पेंडीच्या तीन गाड्या खाली केल्या.

माल उतरवायच्या ओट्यावर बाया होत्या. सात जणी. गाडी खाली झाली की जे सांडतं ते हमाल खांबाशी ढकलून ढीग लावतो, आणि बाई ते चाळून, पाखडून घेते. मातीत मिसळलेले ते दाणे म्हणजे मातेरं. दोन खांबांमधला एकेक खण एकेकीचा. सासूचा खण सुनेकडे जातो. त्या बदल्यात फाटलेली पोती त्या दाभण-सुतळीने शिवून देतात. कुठे लिहिलेलं नाही, पण मामा हमालीला लागले तेव्हापासून असंच चालत आलंय.

तिसरा खण माझ्या आक्काचा. केसरबाई. आईबाप गेल्यावर तिने मला मातेऱ्याच्या ज्वारीवर वाढवलं. परातीत खडे निवडत बसायची आणि मी शेजारी शुद्धलेखन काढायचो. आज तिने तीळ लावलेली भाकरी आणली होती. मी दोन खाल्ल्या. दाताखाली खडा आला नाही, इतक्या वर्षांत कधी आला नाही.

१९ जानेवारी, शनिवार

मागण्यांचा कागद तयार झाला. पिण्याचं पाणी. सावलीची शेड. पन्नास किलोच्या वर पोतं नको. ओळखपत्र. औषधाची पेटी. भविष्य निर्वाह निधी. आणि सातवी, जी मी स्वतः घातली: “यार्डातील सर्व झाडलोट संघाने स्वतःच्या यंत्रणेमार्फत करावी. हमालांस झाडू लावण्यास सांगू नये. तो त्यांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.” चार वेळा खोडून लिहिलं. वकिलाला जमलं नसतं असं वाक्य झालंय.

साखराबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, वाचून दाखवलं. ती ऐकत भाकरी थापत होती. शेवटी विचारते, “सगळं संघ झाडणार, मग आक्का काय झाडणार?” मी म्हणालो, हा कागद हमालांचा आहे, बायकांचा नाही, शेणाबद्दल आहे. ती म्हणाली, त्यात शेण कुठे आलं, मला तर ऐकू आलं नाही. म्हटलं, कागदावर शेण लिहीत नाहीत. युनियनच्या भाषेतलं तिला कळायचं नाही.

२१ जानेवारी, सोमवार

कागद दिला. क्लार्क म्हणतो, ठेवून जा. मी म्हणालो, पोहोच दे. म्हणतो, पोहोच कशाला, आपण काय परके आहोत? मी खुर्चीत बसकण मारली. दीड तास. शेवटी दुसऱ्या प्रतीवर त्याने “मिळाले” लिहून तारीख आणि सही केली.

ती प्रत मी सगळ्यांना फिरवून दाखवली. ओट्यावरच्या बायांनाही दाखवली. म्हणालो, कागद दिला म्हणजे काम झालं असं नसतं, पोहोच घ्यायची. पोहोच घेतली की पंधरा दिवस मोजायचे. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर दारात बसायचं. आक्का कौतुकाने ऐकत होती. तिने विचारलं, “आन् कुणी बी असं करू शकतं?” म्हटलं, कुणीही. कायदाच आहे.

४ फेब्रुवारी, सोमवार

चेअरमनने बोलावलं. मी आणि मामा. राधाकिशन कोपऱ्यात पेपर वाचत बसलेला, त्याचं काय काम होतं कोण जाणे.

पाण्याला नाही म्हणाले. म्हणे दुष्काळ आहे, माणसाने समजून घ्यावं. त्यांच्या टेबलावर बाटल्यांचं खोकं होतं. शेडला नाही. पोत्याच्या वजनाला नाही, म्हणे माल वरूनच तसा भरून येतो. ओळखपत्र कशाला, आम्ही तुम्हाला ओळखत नाही का. माझं डोकं तापलं होतं. मामांनी टेबलाखालून माझा गुडघा दाबून धरला.

सातवीवर चेअरमन थांबले. दोनदा वाचली. मग क्लार्कला मोठ्याने वाचायला लावली, राधाकिशनकडे पाहिलं आणि हसले. म्हणाले, “ही मात्र रास्त हाय. प्रतिष्ठेचा प्रश्न हाय. ही आत्ताच मंजूर.” चार वेळा खोडून लिहिलेलं फुकट गेलं नाही. भाषा आवडली असावी.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, सहा मागण्यांसाठी उद्यापासून काम बंद. मामांनी हौदाकडे बोट केलं. तिथे बरगड्या मोजाव्यात अशी ढोरं रांगेत उभी होती. “ह्यांच्या तोंडातलं काढून संप न्हाई करायचा, बंकट. बहात्तरला माझ्या बापाची चार मेली, मी वढून टाकली हायेत.” संप बारगळला. सातातली एक मिळाली, आहे ते पदरात घेऊ. संध्याकाळी सगळ्यांनी चहा घेतला आणि खराटे क्लार्कच्या दारात नेऊन टाकले. सटवाने मला खांद्यावर उचललं होतं.

११ फेब्रुवारी, सोमवार

आज अक्षर वाईट येईल.

सकाळी गेटवर बाया उभ्या. आत सोडेनात. नवा वॉचमन बसवलाय आणि ओट्यावर राधाकिशनची चार माणसं, एकसारख्या टोप्या घालून. सफाईचा ठेका राधाकिशनला दिलाय, तोही कधी, तर चार तारखेलाच. झाडलेलं सगळं ठेकेदाराचं. मका, पेंड, ज्वारी, सगळं पोत्यात भरून त्याच्या गोठ्यावर जाणार. दुष्काळात पेंडीचा चुरासुद्धा सोन्याचा झालाय, ते त्याला पेपर वाचता वाचता बरोबर कळलं.

गेटवर कागद डकवलाय. माझाच कागद, झेरॉक्स करून. सातव्या मागणीला लाल पेनाने गोल. खाली टाइप केलंय: “कामगार युनियनच्या मागणीनुसार.”

मी ओरडलो, वॉचमनची गचांडी धरली, मामांनी सोडवलं. हा सरळ सरळ गैरवापर आहे. मी शेणाबद्दल लिहिलं होतं. मातेऱ्याचा त्यात शब्द नाही. कोणत्याही शहाण्या माणसाला कळेल की सर्व झाडलोट म्हणजे मातेरं नव्हे. सुंदररावांनी जाणूनबुजून केलं.

आक्का गेटजवळ गेली आणि त्या कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही. पण अक्षर ओळखते. “तुजंच हाय का रे हे?” एवढंच विचारलं. मी समजावून सांगू लागलो की मसुद्याचा हेतू वेगळा होता. ती सूप काखेत मारून घरी गेली. पूर्ण ऐकून तरी घ्यायचं.

२० फेब्रुवारी, बुधवार

चेअरमनकडे दोनदा जाऊन आलो. म्हणाले, तुमचीच मागणी, तुम्हीच मंजूर झाल्याचे पेढे खाल्ले. मी म्हणालो, पेढे नव्हते, चहा होता. ते हसले.

संध्याकाळी आक्काकडे गेलो. बोलत नाही. चहा दिला, कोरा. तिच्याकडे असा चहा मी कधी प्यालो नव्हतो. दारात शेळ्या दिसल्या नाहीत, चरायला सोडल्या असतील. मी सांगितलं की केजला तहसीलमध्ये अर्ज करतो, बीडला जातो, या लोकांना सोडत नाही. ती म्हणाली, “लोकांकडं कशाला जातूस? आपल्या लोकांत बोल आदी.” राग माझ्यावर कशाला काढायचा, मी तर तिच्याच बाजूने भांडतोय.

२४ फेब्रुवारी, रविवार

युनियनची बैठक, ऑफिसच्या पत्र्याखाली, सतरंजीवर. ही सतरंजी युनियनची एकुलती एक इस्टेट. प्रत्येक धरण्याला हीच. चप्पल काढल्याशिवाय तिच्यावर कुणी पाय ठेवत नाही.

मी विषय मांडला. सातवी मागणी मागे घ्यावी, निदान शब्द बदलावेत. मामा म्हणाले, मागे घ्यायची म्हणजे खराटे परत हातात घ्यायचे. मिळालेली एकच गोष्ट, ती परत द्यायची? कोणत्या युनियनने असं केलंय? इतर माना डोलावू लागले. एकाने विचारलं, बाया पोती उचलतात का, वर्गणी देतात का? मग आपण त्यांच्यासाठी का नडायचं?

मी काही बोलणार होतो. पण सेक्रेटरीने इतिवृत्त लिहायचं असतं. लिहिता लिहिता मत द्यायचं राहून गेलं. वीस विरुद्ध शून्य. सटवा गैरहजर होता.

शेवटी माणुसकी म्हणून ठरलं की सातही बायांना युनियनतर्फे एकेक कट्टा ज्वारी द्यायची. मला हे पटलं. मी स्वतः आक्काकडे कट्टा पाठीवर घेऊन गेलो. तिने उंबऱ्याच्या आत घेतला नाही. म्हणाली, आज कुणाचं तेरावं हाय का, वाटाया निघालास ते. शेजारच्या बायडाबाईनेही परत पाठवला. सातही कट्टे ऑफिसात पडून आहेत. या बायकांना नेमकं पाहिजे तरी काय, देव जाणे. ज्वारी गेली म्हणून ओरडतात आणि ज्वारी दिली तर नको.

४ मार्च, सोमवार

आज गेटवर हमालांची झडती झाली.

राधाकिशन म्हणतो, पहिल्यासारखं सांडत नाही, म्हणजे हमाल घरी नेतात. सांडणार कुठून? बाया गेल्यापासून फाटकी पोती शिवायला कुणी नाही. आम्हीच भोकावर चिंधी कोंबतो आणि पळतो. त्याच्या टोपीवाल्यांना दाभण कोणत्या बाजूने धरतात तेसुद्धा माहीत नाही. काहीतरी उचलायला मिळावं म्हणून चार माणसं दिवसभर आमच्या पायांकडे बघत बसतात.

एकेकाला उभं करून कंबर चाचपली. धोतरं झटकायला लावली. मामांचा पटका सोडायला लावला. साठ वर्षांचा माणूस, गेटवर, सगळ्यांदेखत, उघड्या डोक्याने. पटक्याच्या घडीतून ज्वारीचे आठ दाणे पडले. दिवसभर पोती डोक्यावरून नेणाऱ्याच्या पटक्यात दाणे नाही तर काय मोती निघणार? वॉचमनने ते आठ दाणे मोजून उचलले आणि टोपलीत टाकले.

हरामखोर. दुसरा शब्द नाही. शिबिरात सांगितलं होतं की रोजनिशीत शिव्या लिहू नयेत. पण शिबिरवाल्यांनी मामांचं टक्कल पाहिलेलं नाही.

मामा पटका बांधायलाही थांबले नाहीत, हातात गोळा करून चालत गेले. मी मागून जाऊन म्हणालो, मामा, आता तरी काम बंद. त्यांनी परत हौदाकडे बघितलं. या ढोरांनी आमचे हात बांधून ठेवलेत आणि सुंदररावांना ते पक्कं ठाऊक आहे.

१० मार्च, रविवार

दुपारी आक्का आणि बायडाबाई ऑफिसात आल्या. महिन्याने आक्का आपणहून माझ्याशी बोलली. म्हणाली, अर्ज लिहायचाय, तुझं अक्षर चांगलं आहे. मला बरं वाटलं. कागद, कार्बन, पेन काढलं. विचारलं, चेअरमनच्या नावाने?

“न्हाई. धोंडीराम अध्यक्ष आन् बंकट सेक्रेटरी, हमाल युनियन, ह्यांच्या नावानं.”

मला वाटलं तिचा घोटाळा होतोय. समजावू लागलो. बायडाबाई म्हणाली, “घोटाळा न्हाई. ल्ही तू.” मग आक्का सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. आमचा खण चेअरमनने काढला नाही, तुमच्या कागदाने काढला. आम्ही पोती शिवत होतो ते काम होतं, ते कुणी धरलं नाही. सातवी मागणी मागे घ्या. आम्हाला युनियनची पावती द्या, आम्ही वर्गणी देऊ. सात अंगठे.

मी मध्ये थांबून म्हणालो, आक्का, तो हेतू नव्हता, मी शेणाबद्दल लिहिलं होतं. ती म्हणाली, “मग शेण ल्ह्याचं व्हतं. एवढा एक शब्द जड झाला तुला? लई मोठ्या शाळेत गेलतास का?”

या माझ्या आक्काला मी जन्मात उलट बोललो नाही, आज बोललो. म्हणालो, तुझ्या मातेऱ्यापायी बावीस माणसांच्या इज्जतीचं मी बघायचं नाही का? ती म्हणाली, दोन्ही शेळ्या केजच्या बाजारात विकल्या, तीन आठवडे झाले. छावणीत शेळी घेत नाहीत. मक्याचा चुरा बंद झाला तेव्हा तिसऱ्या दिवसापासून ओरडत होत्या. हे सगळं तिने रागाने सांगितलं नाही. रागाने सांगितलं असतं तर मला काही बोलता आलं असतं.

अर्ज झाला. मी तो घडी करून फायलीत ठेवू लागलो. तिने हात पुढे केला. “पोच.”

कार्बनच्या प्रतीवर मी लिहिलं, “मिळाले.” तारीख घातली. सही केली. माझीच तक्रार, माझ्याच अक्षरात, मलाच मिळाली. तिने ती प्रत चंचीत घातली आणि बायडाबाईला म्हणाली, आजपासून पंधरा दिवस मोज.

१७ मार्च, रविवार

अर्ज बैठकीत वाचला. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण अक्षर माझं. मी सांगितलं, मी फक्त लिहून दिला. मामा म्हणाले, पुढच्या बैठकीत बघू. नाही म्हणाले नाहीत. पटका आता ते यार्डात बांधत नाहीत, घरीच ठेवून येतात.

तरी मी मतदान मागितलं आणि आज मत दिलं. सातवी मागे घ्यावी म्हणून हात वर केला. माझा आणि सटवाचा, दोनच. मग इतिवृत्तात माझंच नाव लिहिताना कसंतरी झालं. तीन आठवड्यांपूर्वी हाच हात पेनात गुंतला होता.

२५ मार्च, सोमवार

पंधरा दिवस काल भरले. उत्तर आम्ही दिलं नाही. पोहोच नाकारणाऱ्या क्लार्कला मी इतकी वर्षं शिव्या देत आलो, आणि आमच्याकडेही अर्ज फायलीतच राहिला.

सकाळी सातला ऑफिस उघडायला गेलो तर सातही जणी पायरीशी उभ्या. आक्का म्हणाली, “सतरंजी दे.” मी विचारलं, कशाला? “बसायचंय. भुईवर बसलं तर धरणं कसं व्हईल?” मी आतून सतरंजी आणली आणि ऑफिसच्या दारात आडवी अंथरून दिली. त्या चपला काढून बसल्या. दार पूर्ण अडलं.

आमचे लोखंडी आकडे ऑफिसातच असतात, भिंतीवर खिळ्याला. आकड्याशिवाय पोतं निघत नाही. एकेक हमाल येऊ लागला आणि पायरीपाशी थबकू लागला. बायकांना ओलांडून कोण जाणार? त्यातल्या तिघी कुणाच्या ना कुणाच्या चुलत्या, एकीने तर चार जणांच्या बाळंतिणी शेकल्या आहेत. आठ वाजेपर्यंत मामा सोडून एकवीस जण अंगणात उभे, आणि गेटात मक्याच्या दोन आणि पेंडीची एक गाडी. मागे छावणीत ढोरं ओरडायला लागली होती.

धोंडीराम मामा आले. उघड्या डोक्यानेच. सगळ्यांनी वाट दिली. त्यांनी आधी सतरंजीकडे बघितलं, मग विचारलं, “ही कुणी दिली?”

मी म्हणालो, मी दिली. अध्यक्षांना न विचारता दिली.

“ढोरं वरडत्यात, केसर,” मामा म्हणाले.

“मला ऐकू येतं,” आक्का म्हणाली. “माज्या दोन बी वरडायच्या. तवा तुमी न्हाई ऐकलं.”

मामा पायरीपाशी आले. मग म्हणाले, सरक. आक्का हलली नाही. मामांनी परत म्हटलं, “सरक म्हणतो जरा. मला बसाया जागा न्हाई.” आणि त्यांनी चपला काढल्या.

त्यानंतर कुणाला काही सांगावं लागलं नाही. जे मावले ते सतरंजीवर बसले, बाकीचे मातीत. मी तिथेच मांडीवर कागद घेऊन लिहिलं की मागणी क्रमांक सात युनियन मागे घेत आहे, ढीग हमाल लावतील, खण बायांचेच राहतील, आणि शेणाची सफाई संघाने करावी. “शेणाची” खाली रेघ मारली. मामांनी अंगठा उठवला, मग केसरबाईपुढे कागद धरला.

आम्ही सगळे मिळून चेअरमनच्या खोलीत गेलो. सुंदररावांनी कागद वाचला, या वेळी हसले नाहीत. खिडकीतून गाड्या बघितल्या. छावणीतले शेतकरीही काठ्या टेकत यार्डात जमायला लागले होते, ते बघितलं. म्हणाले, बसू द्या बायांना खणात, गाड्या उतरवा, पण मी लिहून काही देणार नाही. राधाकिशन काहीतरी बोलू गेला, त्याला त्यांनी हाताने गप्प केलं. मी म्हणालो, लिहून घेतल्याशिवाय आकडा उचलणार नाही. माझं डोकं भणभणत होतं, या माणसाचा तोंडी शब्द म्हणजे पाण्यावरची रेघ. पण आक्काने माझ्या शर्टाला मागून ओढलं. म्हणाली, ल्हून उद्या घेऊ, ढोरं आज उपाशी हायेत.

टोपीवाले बाजूला झाले. बायांनी आपापल्या खणात फडकी अंथरली. दीड महिन्याने तिसऱ्या खणात आक्का बसली, आणि मला काय झालं सांगता येत नाही. पहिलंच पोतं गाडीवरून घेताना मी तिच्यासमोर आलो आणि आकडा पोत्यात खोल घालून खाली ओढला. तागाचं पोतं टरकन फाटलं. मका धो धो तिच्या पुढ्यात पडला, चार-पाच किलो तरी असेल. मला वाटलं, एवढ्या दिवसांचं थोडं तरी भरून निघेल.

ती उठली. माझ्या हातातून आकडा घेतला आणि बाजूला ठेवला. खाली पडलेला मका ओंजळीओंजळीने परत पोत्यात भरला, शेवटच्या दाण्यापर्यंत. मग पदरातून दाभण काढून पोतं शिवायला बसली. बावीस हमाल उभे राहून बघत होते.

“सांडलं ते आमचं,” ती मान वर न करता म्हणाली. “सांडवलेलं न्हाई.”

गाठ मारून तिने सुतळी दाताने तोडली, आकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, उचल आता, मागं गाडी खोळंबलीय.